मोबाईलच्या फोटोत रंग, फोकस आणि उजेड बिघडतो? या चुका टाळा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो तो लालसर चपलेचा, आणि पार्सलमधून निघते फिकट कातडी रंगाची जोडी. गुजरीच्या सराफ बाजारातला अस्सल सोन्याचा साज फोटोत हिरवट दिसतो. पिवळाधमक गूळ फोटोत काळपट येतो, आणि गुळाचा भाव तर रंगावरच ठरतो. मग सगळा दोष फोनवर जातो आणि नवा फोन घ्यायचा विचार सुरू होतो. नवा फोनही त्याच ट्यूबखाली तसाच फोटो काढतो, कारण चूक बहुतेक वेळा काचेवर, उजेडात किंवा सेटिंगमध्ये असते. म्हणून तपासायचा क्रम ठरवून घ्या: आधी काच, मग स्क्रीन, मग उजेड आणि सेटिंग. कॅमेरा खराब झालाय हे अनुमान सगळ्यात शेवटी.

काच न पुसता कॅमेऱ्याला नावं ठेवणं

दिव्याभोवती पांढरट वलय दिसतंय, दिव्यातून तिरक्या रेषा निघताहेत किंवा सगळ्या फोटोवर धूसर पडदा पडलाय, तर लेन्सवर बोटाचा तेलकट डाग आहे. शर्टाच्या टोकानं पुसलं की तो डाग निघत नाही, पसरतो. चष्म्याचं मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून पुसा, मग कोरड्या भागानं एकदा फिरवा.

ज्योतिबाच्या यात्रेहून आलेल्या फोनसाठी हे पुरेसं नाही. गुलालाची पूड लेन्सच्या कडेच्या खाचेत बसते. ती कोरडीच घासली तर पुडीतली कचकच काचेवर ओरखडे पाडू शकते. आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मगच पुसा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब काचेवर बसतात.

लेन्सवर वेगळी काच चिकटवली असेल तर एकदा काढून पाहा. रात्रीच्या फोटोत दिव्यांची हिरवी ठिपक्यांसारखी प्रतिबिंबं दिसतात, ती फोनच्या मूळ लेन्सनंही थोडी येतात, पण स्वस्त काचेनं ती फार वाढतात. कव्हरही काढून पाहा. कव्हरची कड फ्लॅशजवळ असेल तर फ्लॅशचा उजेड तिच्यावर आपटून लेन्समध्ये शिरतो आणि फोटो पांढुरका होतो.

स्क्रीनचा पिवळेपणा कॅमेऱ्याच्या माथी मारणं

'फोटो पिवळे येताहेत' या तक्रारीत पहिल्यांदा डोळ्यांच्या आरामासाठीचा मोड चालू आहे का ते बघा. वेळ लावलेली असेल तर हा मोड संध्याकाळी आपोआप लागतो आणि सगळी स्क्रीन पिवळी करतो. काही फोनांत स्क्रीनचा रंग 'व्हिव्हिड'वर असतो, त्यात लाल आणि हिरवा मुळापेक्षा भडक दिसतो. तो 'नॅचरल' करा. खात्री करायची असेल तर तोच फोटो दुसऱ्या दोन फोनवर उघडा. तिथे रंग ठीक असेल तर कॅमेऱ्याला हात लावायचं कारण नाही.

काळा दगड राखाडी, पांढरा रस्सा मळकट

फोनच्या कॅमेऱ्याचं छिद्र बहुतेक मॉडेलमध्ये एकाच मापाचं असतं, ते लहान-मोठं होत नाही. उजेड कमी-जास्त करायला फोनच्या हातात दोनच गोष्टी उरतात: शटरचा वेळ आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा. त्या ठरवताना तो समोरचं दृश्य साधारण मध्यम राखाडी उजेडाचं आहे असं धरून चालतो. अंबाबाईच्या देवळाच्या काळ्या दगडाच्या भिंती फ्रेमभर घेतल्या की फोनला अंधार आहे असं वाटतं, तो उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि वरचं आकाश पांढरंफटक. पांढऱ्या भिंतीसमोर बरोबर याच्या उलट घडतं.

उपाय सोपा आहे. महत्त्वाच्या जागेवर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते काळ्यासाठी खाली ओढा, पांढऱ्यासाठी वर. प्रो मोडमध्ये (सेटिंग हातानं ठरवायचा मोड) ईव्हीचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याचा आकडा दिसतो. काळ्या दगडासाठी उणे ०.७ ते उणे १, पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी अधिक ०.३ ते अधिक ०.७ इथून सुरुवात करा. बोट दाबून धरलं की आयफोनवर 'एई/एएफ लॉक' येतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनांत कुलपाचं चिन्ह दिसतं. फ्रेम थोडी हलली तरी मग उजेड आणि फोकस बदलत नाही. काम झालं की स्क्रीनवर पुन्हा एकदा टेकवून कुलूप सोडा. ते तसंच राहिलं तर पुढचे चार फोटो विनाकारण काळे येतात.

ताटाचा फोटो ही याची चांगली परीक्षा आहे. तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच फ्रेममध्ये असतील तर फोन दोघांनाही एकदम न्याय देत नाही. पांढऱ्यासाठी उजेड वाढवला की तांबड्यावरचा तवंग सपाट लाल डाग होतो, कारण लाल रंगाची नोंद सर्वांत आधी काठोकाठ भरते आणि त्यापुढचे बारकावे उरतच नाहीत. म्हणून उणे ०.३ वर फोटो काढा आणि नंतर एडिटिंगमध्ये सावल्या उजळा. गडद भागातून थोडंफार परत मिळतं, पांढरा पडून गेलेला भाग परत मिळत नाही.

रंकाळ्यावर मावळत्या सूर्यासमोर माणूस उभा केला की चेहरा काळा पडतो. आकाश हवं असेल तर आकाशावर टेकवा आणि माणसाची काळी आकृती येऊ द्या, ती चांगलीच दिसते. चेहरा हवा असेल तर माणसाला थोडं वळवा, म्हणजे ऊन एका गालावर येईल, किंवा एक-दीड मीटरवरून फ्लॅश मारा. त्याहून लांब फोनचा फ्लॅश फारसा पोचत नाही. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) चालू असू द्या, पण माणसं हलत असतील तर त्यातून हातापायांच्या दुहेरी कडा येऊ शकतात.

रंग: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, समोरच्या रंगांवरून उजेड कसा आहे याचा अंदाज बांधतो. फ्रेममध्ये एकच रंग भरला की अंदाज चुकतो. तपकिरी चपलेनं फ्रेम भरली की फोनला उजेडच पिवळा आहे असं वाटतं आणि तो चित्र निळ्याकडे ढकलतो. खासबागच्या आखाड्यातल्या लाल मातीतही हाच धोका आहे: माती फिकी होते आणि पैलवानांची कातडी निस्तेज दिसते.

दुसरं कारण मिश्र उजेड. दुकानात वर ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब, शोकेसमध्ये ३००० केल्विनचे पिवळे दिवे आणि दारातून येणारं दिवसाचं ऊन, असे तीन उजेड एका वस्तूवर पडले तर कुठलंही सेटिंग तिन्ही भाग एकदम बरोबर करू शकत नाही. फोटोपुरते बाकीचे दिवे बंद करा आणि एकच उजेड ठेवा. सेटिंगशी खेळण्याआधी हे एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

मग प्रो मोड उघडून व्हाइट बॅलन्स हातानं ठरवा. भर दुपारचं ऊन साधारण ५२०० ते ५५००, निरभ्र आकाशाखालची सावली ७००० ते ८०००, पिवळा दिवा २७०० ते ३०००. वस्तूच्या जागी साधा पांढरा कागद ठेवा. तो स्क्रीनवर पिवळा दिसला तर केल्विनचा आकडा कमी करा, निळा दिसला तर वाढवा. इथे हमखास गोंधळ होतो: आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, निळा नाही. चकचकीत शुभ्र कागदात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, त्यानं तो किंचित निळा दिसतो. अगदी नेमकं काम हवं असेल तर फोटोग्राफीच्या दुकानातलं राखाडी कार्ड वापरा. आकडा एकदा जमला की त्या बैठकीतले सगळे फोटो त्याच आकड्यावर काढा, म्हणजे दहा जोड्यांचे दहा वेगळे रंग दिसणार नाहीत.

आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात फोटोसाठी केल्विन ठरवता येत नाही. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं किंवा एडिटमध्ये 'वॉर्म्थ' आणि 'टिंट' फिरवावं लागतं. हिरवट झाक केल्विननं जात नाही, टिंटनं जाते.

जी गोष्ट एडिटिंगनंही सुटत नाही ती म्हणजे हलक्या प्रतीचा एलईडी दिवा. त्याच्या उजेडात लाल रंगाचा भागच कमी असतो. उजेडात नसलेला रंग वस्तूवरून परत येणार कुठून? सोनं पितळी, कातडं मेलेलं आणि साजातलं लाल खड्याचं पदक तपकिरी दिसतं. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय का ते पाहा. महागडा फोन घेण्याआधी हा दिवा बदला, फरक जास्त पडेल.

दिवसाचा उजेड हवा असेल तर दुकानाच्या उंबऱ्याच्या आत, थेट ऊन न पडणारी जागा निवडा. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली मात्र काही काढू नका, सगळ्या मालावर निळी झाक चढते. सोन्याचा फोटो काढताना तुमच्या शर्टाचा रंगसुद्धा साजाच्या प्रत्येक पानात उतरतो. दोन्ही बाजूंना पांढरे थर्माकोल उभे करा, म्हणजे सोन्यात पांढरंच उतरेल आणि पानांवरची नक्षी उठून दिसेल. गुळाच्या ढेपेचा फोटो घेताना एका कोपऱ्यात पांढरा कागद दिसू द्या. घेणाऱ्यालाही मग उजेड खरा होता हे कळतं.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि बारीक पोत जातो. एचडी निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आयफोनचा व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनवर पांढुरका दिसत असेल तर कॅमेरा सेटिंगमधल्या 'रेकॉर्ड व्हिडिओ'त एचडीआर व्हिडिओ बंद करून पाहा.

फार जवळ जाणं

साजाची घडण दाखवायला फोन अगदी टेकवला जातो आणि फोटो धूसर येतो. मोठ्या सेन्सरचा मुख्य कॅमेरा फार जवळचं पाहू शकत नाही. आयफोन १३ प्रोमध्ये हे अंतर १५ सेंटिमीटर होतं, १५ प्रोमध्ये २४ आहे. फोन नवा झाला म्हणून जवळचा फोकस सुधारला असं नसतं. वीत-दीड वीत मागे या आणि २ एक्स झूम करा. फुलाचं चिन्ह दिसलं तर फोन आपणहून अल्ट्रावाइड लेन्सच्या मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोच्या मोडवर) गेला आहे. त्यात वस्तूच्या कडा ताणल्या जातात, नको असेल तर चिन्हावर टेकवून बंद करा. स्वस्त फोनांतला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मालाच्या फोटोसाठी वापरू नका.

एकसारख्या रंगाच्या सपाट पृष्ठभागावर फोकस सापडत नाही. चपलेच्या तळव्यावर न टेकवता वेणीच्या किंवा शिवणीच्या कडेवर टेकवा. कमी उजेडात ३ एक्स दाबलं तरी बरेच फोन टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात, म्हणून संध्याकाळचे झूम फोटो पिठाळ येतात. चार पावलं पुढे जाऊन १ एक्सवर काढा.

कुस्तीत ऑटो मोड शटर फार हळू ठेवतो. दिवसा १/५०० सेकंद, रात्री दिव्यांत १/२५० आणि आयएसओ गरजेप्रमाणे. आखाड्याच्या मध्यावर फोकस लॉक करून ठेवा.

पट्टे आणि लेझर

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत गडद पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा. आयफोनवर पाल फॉरमॅट चालू केले की २५ फ्रेमचा पर्याय येतो.

विसर्जन मिरवणुकीत लेझरचा झोत थेट लेन्सवर घेऊ नका. एका क्षणात सेन्सरवर कायमचे रंगीत ठिपके किंवा रेषा पडू शकतात आणि त्याला दुरुस्ती नाही, कॅमेराच बदलावा लागतो.

खरंच बिघाड आहे का?

दुचाकीच्या हँडलला फोन लावून रोज फिरवणं बंद करा. जास्त ताकदीच्या इंजिनाच्या थरथरीनं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) आणि ऑटोफोकस बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलनं २०२१ मध्येच दिला आहे. लेन्सजवळ चुंबक असलेलं कव्हर किंवा होल्डरही फोकस हलवतो, काढून पाहा.

एसी गाडीतून पन्हाळ्याच्या धुक्यात उतरल्यावर लेन्सवर बाहेरून दव बसतं, ते १०-१५ मिनिटांत जातं. काचेच्या आतून वाफ दिसत असेल तर पाणी शिरलं आहे. फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा, हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका आणि ड्रायरची गरम हवा देऊ नका.

०.५, १ आणि ३ एक्स प्रत्येकावर तोच फोटो काढा. एकाच लेन्सवर धूसर येत असेल तर तो एक कॅमेरा खराब. फोटोची फक्त एक बाजू कायम धूसर असेल तर पडल्यामुळे लेन्स तिरकी झाली असावी. प्रत्येक फोटोत ठिपका त्याच जागी असेल आणि बाहेरची काच स्वच्छ असेल, तर धूळ आत आहे. सगळ्याच लेन्सवर त्रास असेल तर आधी कॅमेरा सेटिंग रिसेट करा आणि अँड्रॉइडवर कॅमेरा अ‍ॅपचा कॅशे साफ करा. यानं गॅलरीतले फोटो जात नाहीत.

कॅमेरा बदलायचाच असेल तर भाग मूळ कंपनीचा आहे का ते आधी विचारा. आयफोन १२ आणि पुढच्या फोनांत वेगळा भाग बसवला तर सेटिंगमधल्या 'अबाउट'मध्ये तसा संदेश दिसतो. पैसे देण्याआधी काउंटरवरच तीन फोटो काढून पाहा: दूरची पाटी, हातभर अंतरावरचा छापील कागद आणि पांढरी भिंत. भिंतीच्या मध्यावर गुलाबी किंवा हिरवा गोल डाग दिसला तर तो भाग तिथेच परत करा.