खाणपट्ट्यातल्या कापूस, तूर, हरभऱ्यासाठी दिवाळीनंतरचा सल्ला

पाऊस थांबला की चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतल्या घुग्घुस, राजुरा, वणी भागात धुळीचा हंगाम लागतो. खुल्या कोळसा खाणीतले स्फोट, मातीचे उघडे ढिगारे आणि रात्रंदिवस धावणारे कोळशाचे ट्रक, यांची धूळ पावसाळ्यात धुऊन तरी जाते. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून ती वर न जाता पिकावरच बसते. चंद्रपूर २००९ पासून देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत आहे, त्यामुळे ही धूळ यंदापुरती समजू नका. कामाचं नियोजनच तिला धरून करा.

आधी कापूस. रस्त्याकडच्या तासातलं, म्हणजे ओळीतलं, बोंड हातात घेऊन पाहा: ट्रककडची बाजू राखाडी, आतली पांढरी. या चार-पाच ओळी वेगळ्या वेचा आणि त्यांचं गाठोडं वेगळं बांधा, नाहीतर चांगल्या मालाचाही भाव पडतो. दव सुकल्यावरच वेचणीला लागा. ओल्या कापसाला धूळ चिकटते, आणि खरेदी केंद्रावर ८ ते १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालतो. खालच्या बोंडांपासून वर वेचत जा, म्हणजे पानांचा चुरा खालच्या कापसात पडत नाही. वेचणाऱ्या बाया दिवसभर त्याच धुळीत असतात. त्यांच्या नाकातोंडाला दुपट्टा हवाच, आणि प्यायच्या पाण्याला झाकण.

तुरीच्या पानावरून अंगठा फिरवला आणि काळपट रेघ उठली, तर लगेच कीटकनाशक मारू नका. औषध धुळीवर पडतं, पानापर्यंत पोचत नाही, पैसे वाया. आदल्या दिवशी सकाळी साध्या पाण्याचा फवारा द्या, मात्र फुलांवर जोराचा झोत नको. दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर औषध फवारा. धुळीच्या पिकावर लाल कोळी ही कीड लवकर वाढते, म्हणून पान उलटून जाळी दिसते का ते बघा.

हरभऱ्याच्या पानावर आंब, म्हणजे आंबट ओलसर थर, असते, तिला धूळ चिकटून बसते. तुषार संच असेल तर फुलं येण्याआधीचं ओलित पहाटे द्या, पान धुतलं जाईल. खाणीतून उपसलेलं पाणी मात्र तपासल्याशिवाय पिकाला देऊ नका. ते आम्लधर्मी किंवा खारट असू शकतं. बाटलीभर पाणी माती-पाणी प्रयोगशाळेत द्या. कुटार, कडबा ताडपत्रीखाली ठेवा, जनावरांना झटकून घाला.

रस्त्याच्या धुऱ्यावर (बांधावर) शेवरी किंवा कडुनिंबाच्या दोन ओळी पुढच्या पावसात लावायच्या, तर खड्ड्यांची जागा आताच ठरवा.

नुकसान झालंच तर गट क्रमांक, तारीख आणि राखाडी बोंडांचे फोटो ठेवा. तलाठी व कृषी सहायकांना लेखी अर्ज द्या, एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात द्या आणि पोच घ्या. शेवटची वेचणी होण्याआधी पंचनामा मागा. रान मोकळं झाल्यावर दाखवायला काही उरत नाही.