फ्रेंच लिहायला शिकताना : लिंग, उपपद आणि विरामचिन्हे

कोल्हापुरात राहून फ्रेंच शिकू पाहणाऱ्याने क्रियापदांच्या लांबलचक तक्त्यांपासून नव्हे, तर नामापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे आपले ‘ते पुस्तक’ तिथे ‘ल लिव्र’ असे पुल्लिंगी होते, ‘ते घर’ मात्र ‘ला मेझों’ असे स्त्रीलिंगी, आणि आपला चंद्रही ‘ला ल्यून’, म्हणजे स्त्रीलिंगीच. मराठीवरून अंदाज बांधू नये. वहीत नुसते नाम कधीही उतरवू नये. ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासकटच ते लिहावे आणि पाठ करावे.

विशेषणांत मराठी माणसाला मोठी सोय आहे, कारण ‘पांढरा घोडा, पांढरी गाय’ हा बदल आपल्या कानात मुरलेला असतो. तसाच फ्रेंचमध्ये पुल्लिंगी ‘ब्लां’चा स्त्रीलिंगी ‘ब्लांश’ होतो. फक्त बहुतेक विशेषणे नामानंतर येतात, जसे ‘ला मेझों ब्लांश’. लहान, मोठा, चांगला अशी काही नित्याची विशेषणे तेवढी आधी येतात.

खरी कसोटी लेखनात लागते. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींचा फ्रेंच उच्चार ‘झ स्वी व्हन्यू’ असा एकच आहे. पण लिहिणारी स्त्री असेल, तर शेवटी एक अनुच्चारित ‘ई’ हे अक्षर जोडावेच लागते. कोल्हापुरी बोलीत मुलीही सहज ‘मी आलो’ म्हणतात, त्यामुळे इथल्या विद्यार्थिनींनी या अक्षराकडे विशेष लक्ष द्यावे.

‘मी कोल्हापुरात राहतो’ हे ‘झाबित आ कोल्हापूर’ असे होते. ‘राहणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाच्या आरंभीचा ‘एच’ उच्चारला जात नसल्याने ‘झ’ (म्हणजे ‘मी’) मधला स्वर गळतो आणि त्याच्या जागी लोपचिन्ह (’) येते. हा लोप ऐच्छिक नाही.

प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी फ्रान्समध्ये थोडी जागा सोडतात. स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्या आधी सोडत नाहीत. वारांची आणि महिन्यांची नावे लहान अक्षराने सुरू होतात. पत्राच्या माथ्यावर ‘कोल्हापूर, ल 12 मार्स 2025’ असे स्थळ आणि दिनांक लिहावेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला मात्र ‘एक’ न म्हणता ‘प्रम्ये’, म्हणजे ‘पहिला’, असे म्हणतात.