उन्हाळी ऊस सल्ला : बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन आणि वायूंचे उत्सर्जन

जमिनीच्या उघड्या पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन उडते, त्यास बाष्पीभवन म्हणतात; मुळांनी शोषलेले पाणी पानांच्या रंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते, ते बाष्पोत्सर्जन. पिकाची पाण्याची गरज या दोन्हींच्या बेरजेने ठरते. बाष्पोत्सर्जनामुळे पान थंड राहते आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्ये शेंड्यापर्यंत पोहोचतात, तर उघड्या सरीतून उडालेल्या पाण्याचा पिकाला काडीचाही उपयोग होत नाही. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) लहान असताना नेमके हेच नुकसान अधिक असते.

हवामान पत्रिकेतील १ मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. पत्रिकेत ७ मिलिमीटर नोंद असल्यास तिला ०.७ ने (नोंदीवरून पिकाची गरज काढण्याचा गुणक) गुणावे, येणारे ४.९ मिलिमीटर म्हणजे एकरी दररोज साधारण २०,००० लिटर होतात. लहान खोडव्याला याहून बरेच कमी आणि पूर्ण वाढलेल्या उसाला थोडे अधिक पाणी लागते, त्यामुळे पाण्याची पाळी आली म्हणून सरी तुडुंब भरणे योग्य नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्यातील क्षार मागेच राहतात. वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर दिसत असेल आणि बोटाने खरवडताच तो पिठासारखा सुटत असेल, तर पाणी वाढवण्याआधी निचऱ्याची सोय करावी आणि जमीन झाकावी.

झाकण्यासाठी पाचटाइतके (उसाच्या वाळलेल्या पानांइतके) स्वस्त आच्छादन दुसरे नाही, म्हणून ते पेटवू नये. बुडख्यांवरील पाचट सरीत ओढून बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट कुजण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरून लगेच हलके पाणी द्यावे.

लगेच पाणी देण्याचे कारण उत्सर्जनात, म्हणजे जमिनीतून वायू हवेत सुटण्यात आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. तो पृष्ठभागावर उघडा पडला, तर मातीतील युरिएज या विकरामुळे त्याचे विघटन होऊन नत्राचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो; तापलेल्या आणि विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हे प्रमाण वाढते. त्यामुळे खोडव्याच्या पुढील मात्रा पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल द्याव्यात किंवा ठिबकमधून विभागून सोडाव्यात.

याउलट, पाणी साचून मातीतील हवा संपली की जिवाणू नत्राचे रूपांतर नायट्रस ऑक्साइडमध्ये करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता वाढवतो, आणि शेतकऱ्याने विकत घेतलेले खतही त्यातून वाया जाते. म्हणून खत वापशावरच (माती ओलसर, पण पाणी न साचलेली असताना) द्यावे आणि त्यानंतरची पाळी हलकी ठेवावी.