‘छाती साफ’ टाइप करण्याआधी स्टेथो लावा

वॉर्डात नवीन पोरं रुजू झाली की आठवडाभरात एकच गोष्ट पक्की शिकतात: कॉम्प्युटरवर पेशंटची आधीची नोंद कॉपी करायची, वेळ बदलायची, सेव्ह. कागदाच्या केसपेपरवर आळशी माणूस निदान ‘तसंच’ एवढं लिहून मोकळा व्हायचा. वाचणाऱ्याला कळायचं, कोणी तपासलेलं नाही. आता आळसही नीटनेटका टाइप होऊन येतो.

२०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले. त्यानंतरच्याच एका हंगामातली गोष्ट, आमच्या नाही, दुसऱ्या एका रुग्णालयातली. तेव्हा मी तिथे ड्युटीवर होते. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस, ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. ह्या उताऱ्याच्या औषधाचा डोस छाती ऐकून, नाडी आणि घाम बघून ठरतो. क्रेप्स, म्हणजे छातीतला बुडबुड आवाज, गेले, छाती साफ झाली, की मग हळूहळू कमी करायचा. आणि टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नोंदीच्या तयार नमुन्यात, आधीच भरलेलं काय असतं? ‘छाती साफ, बाहुल्या नॉर्मल.’ रात्रपाळीच्या पोरानं तेच चार वेळा चिकटवलं. सकाळी राउंडला डॉक्टरांनी स्क्रीन वाचली आणि ड्रिप कमी करायला सांगितली.

पेशंटचा भाऊ कोपऱ्यातून म्हणाला, “सिस्टर, लाळ तं थांबूनच नाही राहिली.”

स्टेथो लावला तर छातीभर क्रेप्स. डोस वाढवला, माणूस वाचला. त्या पोराला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून टेम्प्लेट उघडलं की आधी सगळे ‘नॉर्मल’ पुसते. खाटेजवळ उभी राहून बाहुल्या, छाती, नाडी चिठ्ठीवर लिहिते, मग कॉम्प्युटरकडे जाते. “मॅडम, डबल काम होते,” म्हणतात. होऊ दे.

सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे पहिली झटपट रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली की ‘सिकल पेशंट’ निवडून पुढे जाऊ नका. ती टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ह्या पुढच्या रक्ततपासणीनंच कळतो. रिपोर्ट येईपर्यंत ‘तपासणी बाकी’ लिहा. एएस, म्हणजे नुसती वाहक, असलेल्या मुलीच्या नावावर एसएस, म्हणजे रुग्ण, असं चढलं तर ते सोयरिकीच्या बैठकीपर्यंत पोचतं.

लेकराचं वजन मागच्या भेटीतलं उचलू नका, डोस त्यावर निघतो. आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडताना नुसतं नाव बघू नका, एकाच गावात त्याच नावाच्या तीन बाया निघतात. वय आणि नवऱ्याचं नाव विचारा.

लाइन गेली की वहीत लिहा. नंतर चढवताना तपासल्याची खरी वेळ टाका आणि पुढे ‘उशिरा नोंद’ असं लिहा. सगळ्या वॉर्डाचे बीपी रात्री नऊला एकाच मिनिटात घेतलेले दिसले तर वाचणारा काय ते समजतो.

आणि मॉनिटरला चिकटपट्टीनं डकवलेला तो पासवर्ड आजच काढा.