चिकची चित्रपुस्तिका हाती आली, तर ती तपासायची कशी

नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचा ढीग उपसताना किंवा इतवारीतल्या रद्दीचा गठ्ठा सोडताना कधीतरी पंजाएवढी आडवी पुस्तिका हाती लागते. साधारण पाच इंच लांब, पावणेतीन इंच उंच, चोवीस पानं, दोन पिना. आत काळ्या शाईतली चित्रं: मेलेला माणूस, न्यायासनासमोरची रांग, ज्वाळा, दात विचकणारा सैतान. शेवटी ‘तुम्ही येशूचा स्वीकार केला का?’ असा प्रश्न, हो-नाहीच्या चौकटी आणि तारखेची रेघ. मलपृष्ठावर मुद्दाम कोरी सोडलेली जागा, वाटणाऱ्याने शिक्का मारावा म्हणून. एवढ्या खुणा जुळल्या की ती कॅलिफोर्नियाच्या जॅक चिक या प्रॉटेस्टंट धर्मप्रचारक चित्रकाराची पुस्तिका समजावी, किंवा त्यांच्या धाटणीची नक्कल.

चिक (१९२४–२०१६) यांनी ही कल्पना चिनी कम्युनिस्टांच्या प्रचारी चित्रकथांवरून उचलली, असं ते स्वतःच सांगत. ‘धिस वॉज युअर लाइफ’ ही १९६४ ची पुस्तिका शंभराच्या आसपास भाषांत गेली. १९७० च्या दशकापासून बरीच चित्रं फ्रेड कार्टर काढत. गोल चेहऱ्यांची, व्यंगचित्रासारखी रेषा चिकची. घोटीव, छायाप्रकाशाची, स्नायूदार माणसांची कार्टरची. दोन-चार पुस्तिका शेजारी ठेवल्या की फरक नजरेत भरतो.

आधी वय ठरवा

इथे पहिली चूक हमखास होते. आतल्या पानावरचं कॉपीराइटचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. १९६४ लिहिलेली प्रत कालपरवा छापलेलीही असू शकते. त्यापेक्षा पत्ता बघा. ‘कुकामंगा’ असेल तर प्रत सुरुवातीच्या काळातली. ‘चिनो, बॉक्स ६६२’ त्यानंतरची. ‘ऑन्टारियो, बॉक्स ३५००’ अलीकडची. हे ऑन्टारियो कॅलिफोर्नियातलं गाव आहे, कॅनडातला प्रांत नाही. वेबसाइटचा पत्ता छापलेला असेल तर प्रत १९९० च्या दशकाच्या मध्याअलीकडची, आणि तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) असेल तर २००७ किंवा त्यानंतरची. शिक्का मारलेला असला तर तो प्रकाशकाचा नसून वाटणाऱ्याचा असतो. तो मजकूर नोंदवहीत उतरवून ठेवा, पण फोटो कुठे टाकणार असाल तर झाका.

मग मजकुराची तीन रंगांत वाटणी

मूळ प्रतीवर पेन चालवू नका, झेरॉक्स काढा. चोवीस पानं सहा-सात ए-फोरवर आरामात बसतात. हिरव्या पेन्सिलीने श्रद्धेची विधानं अधोरेखित करा: स्वर्ग, नरक, तारण. ती खरी-खोटी करायची नसतात, तो तुमचा धंदा नव्हे. निळ्याने बायबलची वचनं. ती बहुधा अचूक उतरवलेली असतात, फक्त मागचं-पुढचं वाक्य वाचायची सवय ठेवा. लालने इतिहासाची विधानं: अमक्याने, तमक्या साली, अमुक ठिकाणी, अमुक केलं.

तपासायचं ते फक्त लाल. बरेचजण इथेच फसतात. हिरव्यावर वाद घालत बसतात, समोरचा दुखावतो आणि लाल तसंच सुटून जातं. अशा पुस्तिकांची रचनाही अशीच असते: आठ खऱ्या वचनांच्या मध्ये एक लाल विधान असं बसवायचं की त्यालाही वचनाचं वजन यावं.

लाल विधानाचा माग: थेट हिस्लॉपपर्यंत

‘द डेथ कुकी’ (१९८८) घ्या. कॅथलिक मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनाविधीत) देतात त्या पापडीसारख्या पातळ भाकरीवर आय-एच-एस ही अक्षरं उमटवलेली असतात. पुस्तिका म्हणते, ही आयसिस, होरस, सेब या मिसरी देवांची आद्याक्षरं. म्हणजे कॅथलिक लोक नकळत मिसरी देव पुजतात. आता विचारा: हे आधी कोणी लिहिलं?

माग काढला की तो अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याच्या ‘द टू बॅबिलॉन्स’पाशी जातो. १८५३ मध्ये पत्रक म्हणून निघालेला हा मजकूर १८५८ मध्ये जाडजूड ग्रंथ झाला. नागपूरकराचे कान आडनाव ऐकूनच टवकारतील, आणि ते बरोबरच आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले, शाळा काढणारे, इथले जीवाश्म गोळा करणारे, गोंडांची गाणी उतरवून घेणारे आणि १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडालेले स्टीफन हिस्लॉप हे या अलेक्झांडरचे धाकटे भाऊ. सिव्हिल लाइन्समधलं १८८३ चं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. एका भावाने दगड हातात घेऊन पाहिले, दुसऱ्याने स्कॉटलंडच्या आर्ब्रोथमध्ये बसून बायबलमधला निमरोद आणि दंतकथेतली राणी सेमिरामिस यांचं लग्न लावलं. दोघांची सरमिसळ करू नका. नेटवरच्या लिखाणात ती आढळली तर त्या लेखकाची बाकीची विधानंही दोनदा तपासा.

आता पडताळा. आय-एच-एस ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं: आयोटा, ईटा, सिग्मा. मोठं ईटा रोमन एचसारखंच दिसतं, घोटाळा तिथून. हीच अक्षरं अँग्लिकन आणि ल्युथरन चर्चमध्येही वापरतात, त्यामुळे ‘कॅथलिकांचं गुपित’ इथेच कोसळतं. सदरमधल्या जुन्या चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या कापडावर हीच अक्षरं दिसतात का ते बघा. प्रत्यक्ष विचारायचं असेल तर ज्या सेमिनरीवरून सेमिनरी हिल्स हे नाव पडलं, ती सेंट चार्ल्स सेमिनरी (कॅथलिक पाद्री घडवणारं विद्यालय) आहेच. आधी वेळ घेऊन जा, आणि पुस्तिका टेबलावर आपटून सुरुवात करू नका.

भाकर गोल का, तर सूर्यपूजेमुळे, असंही हिस्लॉप लिहितो. चिक किंग जेम्स भाषांतराखेरीज दुसरं इंग्रजी बायबल मानत नसत. त्याच भाषांतरात ‘निर्गम’ या पुस्तकातलं १६:१४ हे वचन उघडा: रानात देवाने खायला दिलेला मान्ना ‘लहान गोल’ होता. मग तोही सूर्यपूजेचा का? प्रचारकाचाच ग्रंथ त्याच्यासमोर ठेवावा. बाहेरचा पुरावा तो नाकारेल, हा नाकारता येत नाही.

सेमिरामिसचं असंच. इतिहासात सम्मुरामत नावाची असिरियन राणी होती, इसवीसनापूर्वी नवव्या शतकाच्या अखेरीची. ग्रीक लेखकांनी तिची दंतकथा केली आणि नवरा दिला निनस. निमरोद हा बायबलमधल्या उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातला, आणि तिथे त्याच्या बायकोचा उल्लेखच नाही. निनस म्हणजेच निमरोद असं ठरवून हिस्लॉपने जुळवाजुळव केली. राल्फ वुड्रो या अमेरिकन धर्मप्रचारकाने १९६६ मध्ये हिस्लॉपच्या आधारावर पुस्तक काढलं, ते खूप चाललं. पुढे तळटिपा मुळाशी जाऊन पाहिल्यावर स्वतःच ते मागे घेतलं आणि १९९७ मध्ये खंडन छापलं. तुम्हीही तेच करा, पण सगळ्या तळटिपांच्या मागे लागू नका. तीन निवडा, मूळ ग्रंथाचं स्कॅन शोधा, आणि उतारा जसाच्या तसा आहे का ते बघा. हिस्लॉपचे बहुतेक आधारग्रंथ शंभर वर्षांपलीकडचे, त्यामुळे फुकट सापडतात.

नावं सारखी ऐकू आली की नातं जोडायचं, ही खोड आपल्याकडेही आहे. पु. ना. ओकांनी ख्रिश्चॅनिटी म्हणजे ‘कृष्णनीती’ आणि व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’ ठरवलं. हिस्लॉपचा आणि ओकांचा धर्म वेगळा, बादरायण संबंध तोच. एक ओळखता आला की दुसराही ओळखता येतो.

साक्षीदार आणि कागद

चिकच्या मोठ्या रंगीत कॉमिकमध्ये (‘अल्बर्टो’, १९७९, आणि पुढचे भाग) सगळा डोलारा एका माणसावर उभा आहे: आपण माजी जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचे सदस्य) असल्याचं सांगणारे अल्बर्टो रिव्हेरा. व्हॅटिकनने इस्लाम उभा केला, कम्युनिझम आणि नाझीही त्यांचेच, असे त्यांचे दावे. इथे दावा तपासण्याआधी माणूस तपासायचा: दीक्षा कुठे, कोणत्या साली, त्या वर्षांत तो राहत कुठे होता? हे काम १९८१ मध्येच झालं, आणि ते छापलं ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ने. कॅथलिकांनी नव्हे, प्रॉटेस्टंट मासिकाने. त्यात रिव्हेरांची कहाणी टिकली नाही. ‘हे कॅथलिकांचंच कारस्थान’ असं कोणी म्हणालं तर एवढं सांगितलं तरी पुरतं.

तारखांची एक पट्टी कायम जवळ ठेवा. जेझुइट संघ १५४० चा. १७७३ मध्ये पोपनेच तो बरखास्त केला. १८१४ मध्ये परत आला. इल्युमिनाटी ही बव्हेरियातली गुप्त संघटना, १७७६ ची, १७८५ पर्यंत बंदी येऊन संपली. तिने फ्रेंच क्रांती घडवली ही गोष्ट १७९७ मध्ये रंगवून लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, ऑगस्तीन बारुएल, स्वतः जेझुइट. चिकच्या कॉमिकमध्ये इल्युमिनाटी जेझुइटांचेच हस्तक होतात. म्हणजे जेझुइटाने लिहिलेली गोष्ट फिरून जेझुइटांवरच उलटली. ही पट्टी पुस्तिकेतल्या सालांशेजारी ठेवली की निम्मी लाल विधानं आपोआप अडखळतात.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे खरा संदर्भ, उलटा अर्थ. पाखंड्यांची पोटं फाडण्याची एक ‘गुप्त कॅथलिक शपथ’ अशा साहित्यात फिरते, खाली ‘अमेरिकन संसदेची कार्यवाही, १५ फेब्रुवारी १९१३’ असं लिहून. पान खरंच आहे. पण मजकूर तिथे आला तो पेनसिल्व्हेनियातल्या पराभूत उमेदवार यूजीन बॉनिवेल यांच्या तक्रारीसोबत. निवडणुकीत माझ्याविरुद्ध ही खोटी शपथ वाटली गेली, हा त्याचा नमुना, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा नुसतं पान सापडलं म्हणून थांबू नका, त्याच्या आधीची दोन पानं वाचा.

जपणूक

नागपुरात कागदाला उन्हाळ्यातला बेचाळीस-पंचेचाळीसचा पारा कोरडा करतो, पण त्याहून घात करतो तो कूलर. दिवसा कडकडीत कोरडी हवा, रात्री कूलरची दमट, असं रोज झालं की कागद फुगतो-आकसतो, पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबडे डाग उतरतात. कूलरच्या खोलीत पेटी ठेवूच नका. पिना गंजलेल्या असतील तर ओढू नका. मागून टोकं बोथट सुरीने सरळ करा, मग पुढून उचला, आणि जागी सुती दोरा घाला. प्रत्येक प्रत पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं शाईला चिकटतात. सोबत सिलिका जेलची पुडी, ती पावसाळ्यात दर महिन्याला वाळवायची. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. कसर दिसली तर ती प्रत आधी वेगळी काढा.

स्कॅन ६०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये. शुद्ध काळं-पांढरं केलं तर कार्टरच्या छटा जातात. एखादं पान गटात पाठवायचं असेल तर खंडन चित्राखालच्या ओळीत लिहू नका, चित्रावरच लिहा. पुढच्या फॉरवर्डला ओळ गळते, चित्र उरतं, आणि मग दुसऱ्याच्या धर्माची निंदा तुमच्या नंबरावरून फिरत राहते. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ अशा मजकुरासाठीच आहेत. खंडन न लिहिलेलं पान पाठवूच नये.