पोलिसांचा वायरलेस ऐकायला शिकताना

अमेरिकेत रेडिओ कम्युनिकेशनच्या कामात यायचं असेल तर पोलिसांच्या वायरलेसपासून सुरुवात करा, असं मी नवख्यांना सांगतो. त्यावर प्रश्न ठरलेला: "ते तर आता एन्क्रिप्ट झालंय ना (म्हणजे गुप्त किल्लीशिवाय न कळणारं), फोडायचं कसं?"

फोडायचं नाही. एईएस-२५६ ही त्यातली भक्कम पद्धत तुमच्या-माझ्याच्याने फुटत नाही, आणि १९८६ चा ईसीपीए हा संभाषणाच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा असलं संभाषण चोरून ऐकायला बंदी करतो. उघडं पोलिस संभाषण ऐकायला तोच कायदा मोकळीक देतो. काही राज्यांत गाडीत स्कॅनर (असे चॅनल ऐकायचा रेडिओ) बाळगण्यावर बंधनं आहेत, तेवढं आधी तपासा.

महागडा स्कॅनर लागत नाही. टीव्हीसाठी बनलेला, आरटीएल२८३२यू चिपचा यूएसबी डोंगल आणि एसडीआरट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. बोलणं नंतर ऐका, आधी कंट्रोल चॅनल वाचायला शिका. ट्रंक सिस्टिममध्ये, म्हणजे सगळे मिळून थोड्या फ्रिक्वेन्सी वापरतात तिथे, कोणत्याही पथकाची स्वतःची फ्रिक्वेन्सी नसते. कुणी बटण दाबलं की त्याच्या टॉकग्रुपला (एकमेकांशी बोलणाऱ्या गटाला) त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी मिळते, आणि ही वाटणी कंट्रोल चॅनल करतो. पी२५ या पोलिसांच्या डिजिटल रेडिओ पद्धतीत तो सेकंदाला ९६०० बिट्सने अखंड चालू असतो. गंमत अशी, की आवाज एन्क्रिप्ट केलेला असला तरी हा चॅनल बहुतेक ठिकाणी उघडाच. कोणता रेडिओ आयडी कुठल्या टॉकग्रुपवर कधी बोलला, सगळं समोर. मला या विषयाची गोडी लागली ती इथेच.

आवाजासोबत अल्गोरिदमचा, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा, हेक्स (सोळाच्या पायावरचा) क्रमांकही येतो: ८० म्हणजे उघडं, ८१ म्हणजे डीईएस ही जुनी पद्धत, ८४ म्हणजे एईएस-२५६. एए दिसलं तर ते एडीपी, जेमतेम ४० बिटांची की (गुप्त किल्ली), म्हणजे कच्चं कुलूप. "आमचं एन्क्रिप्टेड आहे" एवढ्या वाक्यावर कधी थांबायचं नाही, ते यासाठी.

नोकरीत मात्र अल्गोरिदमपेक्षा की सांभाळण्यातच दिवस जातो. की प्रत्येक रेडिओत भरायची, वेळेवर बदलायची, हरवलेल्या रेडिओचं काय ते बघायचं. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की केंद्रीय यंत्रणांची नाजूक बोलणी सर्रास उघड्यावर ऐकू येत होती. कधी एन्क्रिप्शनचं बटण चुकीच्या जागी राहिलेलं, कधी एकाच्या रेडिओत की नाही म्हणून सगळेच उघड्यावर आलेले. त्यांचा तो शोधनिबंध वाचाच.

मग येतो धोरणाचा भाग, ज्याकडे इंजिनियर मंडळी उगाच नाक मुरडतात. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये चॅनल झाकायला सुरुवात केली. शिकागोने लोकांसाठी ३० मिनिटं उशिराचं प्रसारण ठेवलं. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये नागरिकांची खासगी माहिती रेडिओवर उघडी जाऊ देऊ नका असं कळवलं, तेव्हा अनेक शहरांनी सरसकट सगळंच एन्क्रिप्ट केलं. पालो अल्टोनेही २०२१ मध्ये तेच केलं, पण पुढच्याच वर्षी रोजची बोलणी परत खुली केली. खासगी तपशील दुसऱ्या मार्गाने पाठवायचं ठरलं. मला हा तोडगा पटतो. पत्रकारांना आग-अपघात कळतात आणि कुणाचा लायसन्स नंबर हवेत जात नाही.

म्हणून मुलाखतीत "एन्क्रिप्शन हवं की नको?" असं विचारलं, तर उत्तराआधी विचारा: कोणत्या टॉकग्रुपवर? आणि मदतीला येणाऱ्या शेजारच्या अग्निशमन दलाकडे एन्क्रिप्शनची की कोण, कधी पोचवणार?