पऱ्याच्या पाण्यावर वीज करायची असेल तर आधी हे मोजा

पोफळीचं पॉवर हाऊस आमच्या चिपळूणकडे सगळ्यांनाच माहितीये, घाटावरचं कोयनेचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात येतं, जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पडतं आणि टर्बाइन फिरवून वाशिष्ठीला जातं. ते बघून घरामागे पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, असलेला प्रत्येकजण कधीतरी विचारतोच की मग आपल्या पाण्यावर निदान घरचे दिवे तरी लागतील का? लागतात हो. पण मशीन घ्यायच्या आधी पाणी आणि उंची मोजा, कारण मोठं असो की छोटं, हिशोब या दोनच आकड्यांचा असतो.

पाणी मोजायचं ते जुलैत नाही! जुलैत सगळेच पऱ्ये नदीसारखे वाहतात. डिसेंबरात मोजा, मग परत फेब्रुवारीत, एप्रिलात. दगडमातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाईपातून काढा, खाली २० लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर टाइम लावा. ४ सेकंदात भरली तर सेकंदाला ५ लिटर. तीनचार वेळा करून सरासरी काढा. सगळंच्या सगळं पाणी मात्र वळवू नका, खालच्या वाडीची गुरं त्याच पाण्यावर असतात.

उंचीला मोबाईलचं जीपीएस अजिबात नको, पाचदहा मीटरचा घोळ सहज होतो. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या आणि दोघांनी टप्प्याटप्प्याने उतरत मोजा. किंवा वरून खालपर्यंत पाईप टाकून पाण्याने भरा आणि खालचं टोक बंद करून तिथे प्रेशर गेज लावा, १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर उंची, आतली हवा मात्र पूर्ण काढायची.

आता गुणाकार. सेकंदाचे लिटर गुणिले उंचीचे मीटर गुणिले ५, एवढे वॅट छोट्या मशीनवर हातात येतात असं धरून चाला. सेकंदाला ५ लिटर आणि २० मीटर उंची असेल तर ५०० वॅट. कमी वाटतं ना? पण हे रात्रंदिवस चालतं, म्हणजे दिवसाला १२ युनिट, साध्या घराला भरपूर झाले. पोफळीला एवढी उंची असूनसुद्धा ७० मेगावॅटच्या एका मशीनला सेकंदाला साधारण १७ हजार लिटर पाणी लागतं, यावरून अंदाज घ्या.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पाईपात. पैसे वाचवायला २ इंची टाकतात आणि १०० मीटर लांबीत ५ लिटर पाणी ढकलताना अर्ध्याहून जास्त उंची नुसती घासण्यात जाते, मग मशीनला नावं ठेवतात. इथे ३ इंची किंवा त्याहून मोठाच टाका, एचडीपीई (काळा, लवचिक प्लास्टिकचा पाईप) घ्या, कारण पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. आणि खालचा व्हॉल्व्ह झटकन बंद करायचा नाही, वाहतं पाणी एकदम अडलं की असा दणका देतं की पाईप फुटतो. कोयनेला बोगद्याच्या शेवटी सर्ज टँक ठेवलाय तो हाच दणका झेलायला.

वरच्या तोंडाला छोटी टाकी करा म्हणजे वाळू खाली बसेल, आणि जाळी लावाच. आमच्याकडे पहिल्याच पावसात पालापाचोळा अडकून रात्री दोनला दिवे गेले, तेव्हा कळलं की जाळी तिरकी हवी, कचरा आपोआप घसरून जातो.

टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक, उंची आणि पाणी बघून ठरतं. उंची जास्त, पाणी कमी असेल तर पेल्टन (चाकाच्या वाट्यांवर पाण्याची जोरदार धार मारतात), पोफळीलाही तेच आहेत. उंची कमी आणि पाणी बऱ्यापैकी असेल तर क्रॉसफ्लो (पिंपासारख्या पात्यांच्या चाकातून पाणी आरपार जातं). काहीजण मोनोब्लॉक पंपच उलटा चालवतात, स्वस्त पडतो पण पाणी कमी झालं की लगेच ढेपाळतो.

लोड कंट्रोलर मात्र वाचवू नका. घरातले दिवे बंद केले की मशीनवरचं ओझं जातं, ते पिसाटासारखं पळतं आणि व्होल्टेज वाढून टीव्ही, फ्रिज जळतात. कंट्रोलर उरलेली वीज हीटरला देतो, तो हीटर पाण्याच्या पिंपात सोडा, आंघोळीचं पाणी फुकट तापतं.

मार्चनंतर पऱ्या आटत असेल तर उन्हाळ्यापुरतं सोलर जोडा, तेव्हा ऊन भरपूर असतं. आणि पाईप वनखात्याच्या हद्दीतून जाणार असेल तर परवानगी खड्डा खणायच्या आधी काढा.